आधी सांगा, मग सही करा

अशोक स्तंभापासून गंगापूर रोडने पश्चिमेकडे निघाले की केटीएचएम कॉलेज, जुना गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असे करत आपण गंगापूर गावात येतो. इथपर्यंत नाशिक महानगरपालिकेची हद्द. पुढे गोवर्धनपासून ग्रामपंचायतींचा मुलूख लागतो. ज्या रानात आमच्या आजोबांच्या पिढीने बाजरी आणि भुईमूग काढला, तिथे बापाच्या पिढीने द्राक्ष लावले. द्राक्षापाठोपाठ वाइनरी आली, वाइनरीपाठोपाठ रिसॉर्ट, आणि आता फार्म हाऊसचे प्लॉट. एकरात बोलणारी माणसे गुंठ्यात बोलू लागली.

जमिनीचा भाव वाढला तसा ग्रामपंचायतीच्या एका कागदाचाही भाव वाढला. तो कागद म्हणजे ठराव. बांधकामाची परवानगी आता या पट्ट्यात नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे असली, तरी शिवाराच्या रस्त्यावर मुरूम कुठून कुठपर्यंत टाकायचा, पाण्याची लाइन कोणत्या बाजूने न्यायची, हॉटेलाला ना हरकत द्यायची की नाही, हे सात-नऊ सदस्य एका खोलीत बसून ठरवतात. त्या खोलीत बसलेल्या एखाद्याची जमीन त्याच रस्त्याला लागून असेल तर काय करायचे, हा आजचा विषय. खताच्या मात्रा आणि फवारणी पुढच्या वेळी पाहू.

हा विषय एका कृषी कर्मचाऱ्याने का लिहावा, असे काही जण म्हणतील. कारण एकदा मी स्वतः त्यात तोंडघशी पडलो आहे.

यादीतले तिसरे नाव

गोष्ट २०१७ ची. नोकरीत मी नवा होतो. माझ्याकडच्या गावांपैकी एका गावात (नाव सांगत नाही, गंगापूर धरणाच्या अलीकडचे आहे एवढेच) रोजगार हमीतून फळबाग लागवडीची यादी करायची होती. आंब्यासाठी बारा अर्ज आले. सातबारा, आठ-अ, जॉब कार्ड, सगळे तपासले. बाराही पात्र. यादी ग्रामसभेत वाचायला घेतली. तिसरे नाव वाचून पुढे सरकलो, तोच मागच्या रांगेतून एक वयस्क शेतकरी उभे राहिले. गाव त्यांना नाना म्हणते.

‘‘साहेब, तिसऱ्या नंबरचा गडी तुमचा कोण लागतो?’’

‘‘मामा,’’ मी म्हणालो.

‘‘सख्खा?’’

‘‘हो. पण त्यांचे दोनच एकर आहे, कागद पूर्ण आहेत, नियमात बसतात.’’

‘‘नियमात बसतात ते आम्ही पाहू. पण मामा आहे हे तुम्ही आधी का नाही बोलले? आम्ही इचारल्यावर का बोलले?’’

याला उत्तर नव्हते. मी काही लपवलेले नव्हते, पण सांगितलेलेही नव्हते. गावाच्या दृष्टीने ते एकच. दहा मिनिटांत सभेचा रंग बदलला. मामाचे राहू द्या, बाकीच्या अकरा जणांचे काय, त्यांच्याकडून साहेबांनी काय घेतले, इथपर्यंत गाडी आली. यादी पुढच्या सभेवर ढकलली. पुढची सभा लांबली. मे महिन्यात खोदायचे एक मीटर लांब, रुंद, खोल असे खड्डे खोदलेच गेले नाहीत, जुलैचा पाऊस निघून गेला आणि बारा घरांचे लागवडीचे एक वर्ष माझ्या एका न बोललेल्या वाक्यामुळे वाया गेले. त्यात एका विधवा बाईचा अर्ज होता. तिने मला कधी बोल लावला नाही, हे जास्त लागले.

पुढच्या वर्षी यादी करण्याआधीच मी वरिष्ठांना लेखी दिले की, अर्जदारांत माझे नातेवाईक आहेत, त्या अर्जाची पडताळणी दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून व्हावी. ग्रामसभेतही नावे वाचण्याआधी तेच सांगितले. नाना म्हणाले, ‘‘मग द्या की त्याला. त्याच्या बांधाला बांध माझा, त्याचं रान मला ठाऊक नाही व्हय?’’ दोन मिनिटांत यादी मंजूर. तोच मामा, तेच दोन एकर, तीच माणसे.

कायदा काय धरतो

आपल्याकडे समज असा की, पैसे खाल्ले तरच गुन्हा. पैसे खाल्ले तर लाचलुचपत प्रतिबंधक कायदा आहेच. सरपंच आणि सदस्य हे त्या कायद्याने लोकसेवक ठरतात आणि तक्रारीसाठी १०६४ हा क्रमांक आहे. पण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्याही अलीकडे उभा राहतो. तुम्ही खाल्ले की नाही हे तो विचारतच नाही. तुमचे हित त्यात होते का, एवढेच विचारतो.

कलम १४ (१) (ग) काढून पाहा. पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कोणत्याही कामात, पंचायतीशी झालेल्या कोणत्याही करारात किंवा पंचायतीकडील नोकरीत ज्याचा प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. काम चांगले झाले, बाजारभावापेक्षा स्वस्तात झाले, हा बचाव नाही. नाल्यातला गाळ काढायला सरपंचाचा स्वतःचा जेसीबी लावला आणि बिल ग्रामपंचायतीतून निघाले की पद धोक्यात आले. सदस्याच्या भागीदारीतल्या दुकानातून दिवाबत्तीचे सामान आले, तसेच. कायद्यात बारीकसारीक अपवाद आहेत, पण ते इतके अरुंद आहेत की त्यांच्या भरवशावर कोणी राहू नये.

मला गावाची अडचणही माहीत आहे. उन्हाळ्यात टँकर लागतो आणि गावात टँकर एकाचाच असतो, तो नेमका सदस्याचा असतो. पाणी तर पाहिजे. अशा वेळी गटविकास अधिकाऱ्यांना आधी लेखी विचारावे, शेजारच्या गावाचे दर मागवावेत, आणि दुसरा टँकर मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तो घ्यावा. भाच्याच्या नावावर बिल काढणे हा मार्ग नव्हे. भाच्याचे बँक खाते कोण चालवते, हे गावाला आपल्या आधी माहीत असते.

नाते म्हणजे हितसंबंध काय, हा पुढचा प्रश्न. सरसकट नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्याखालील एका जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सांगितले आहे की, मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत आहे, एवढ्यावरून बापाचा आर्थिक हितसंबंध सिद्ध होत नाही. पैशाचा धागा दाखवावा लागतो. पण धागा दिसला की नाते आड येत नाही. गोव्यातील एका पंचायत सदस्येच्या पतीने पंचायतीचे काम घेतले होते. गोव्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत कायद्यानेच सामाईक धरतात. नवऱ्याच्या नफ्यात बायकोचा वाटा आलाच, म्हणून २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची अपात्रता कायम केली.

आपल्याकडे तो सामाईक मिळकतीचा कायदा नाही, म्हणून निर्धास्त व्हायचे कारण नाही. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि अनेक गावांत शिक्का तिच्या नावाचा, खुर्ची नवऱ्याची, ही गोष्ट झाकलेली नाही. नवरा ठेका घेतो, बिलावर सही तिची लागते. चौकशी लागली की जबाब तिला द्यावा लागतो, नाव तिचे पेपरात येते, पद तिचे जाते. नवरा पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या कोणाचा तरी प्रचार करत फिरत असतो. महिला सरपंच भगिनींना माझे सांगणे एवढेच की, चेकवर सही करण्याआधी बिल कोणाच्या नावाचे आहे ते स्वतः वाचा. नवऱ्याने पुढे केलेला कागद असेल तर दोनदा वाचा.

घरपट्टी आणि गायरान

हितसंबंधाच्या कलमापेक्षा जास्त माणसे पडतात ती साध्या गोष्टींत. ग्रामपंचायतीचे कराचे बिल रीतसर मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरले नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो, कलम १४ (१) (ह). पाचशे-सातशे रुपयांच्या घरपट्टीसाठी सरपंचपद गेल्यावर माणूस रडतो, पण नमुना ९ च्या मागणी नोंदवहीत नाव थकबाकीत असते, त्याला कोण काय करणार? सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाचे कलम (ज-३) आहे. जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की, अतिक्रमण मूळ घरच्या वडीलधाऱ्याने केले आणि सदस्य त्याचा उपभोग घेत राहिला, तरी तो सुटत नाही.

पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यात विचखेडे नावाचे गाव आहे. तिथल्या महिला सरपंच सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली आणि त्यांना अपात्र ठरवले गेले. त्यांचे म्हणणे होते की, त्या वेगळ्या भाड्याच्या घरात राहतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना पद परत दिले, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या महिलेला, इतक्या सहज काढून टाकण्याच्या वृत्तीवर कडक ताशेरे ओढले. महिला सरपंच झाली हे पचले नाही म्हणून कलमे शोधणारेही गावात असतात. नियम सगळ्यांना सारखा लावायचा असेल तर पुराव्याने लावावा लागतो. अपात्रतेचा निर्णय जिल्हाधिकारी देतात, त्यावरचे अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी नाशिकरोडला. चावडीवर निकाल लागत नसतो.

कागद आहेत, वाचतो कोण

आता मालमत्ता जाहीर करण्याबद्दल. ग्रामपंचायतीचा अर्ज भरताना उमेदवाराला स्वतःची स्थावर-जंगम मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे यांचे घोषणापत्र द्यावे लागते. मतदाराला हे कळण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ सालच्या निकालांनी पक्का केला. तो फक्त आमदार-खासदारांपुरता नाही, हे तमिळनाडूतल्या एका प्रकरणाने दाखवले. कोइमतूर जिल्ह्यातील थेकमपट्टी पंचायतीच्या अध्यक्षाने २००६ च्या निवडणुकीत स्वतःवरच्या खटल्यांची पूर्ण माहिती दिली नव्हती. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मतदारावर अनुचित प्रभाव टाकणेच आहे असे ठरवले आणि त्याची निवड रद्दच राहिली. निवडणूक झाल्यावर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो तो वेगळा. योग्य कारण नसताना तो दिला नाही तर कलम १४ (ब) खाली पाच वर्षांची बंदी येऊ शकते. हरलेल्या उमेदवारालाही हे लागू आहे, आणि हरलेलाच ते विसरतो.

घोषणापत्राच्या प्रती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लावतात. त्या फलकापुढे उभे राहून कोणी वाचताना मी तरी पाहिलेले नाही. चिन्ह काय मिळाले तेवढे पाहून लोक रसवंतीकडे वळतात. शिवाय हे घोषणापत्र पाच वर्षांतून एकदाच. निवडून आल्यावर दरसाल मालमत्ता सांगण्याची सक्ती आपल्या ग्रामपंचायत कायद्यात सदस्यांवर नाही. केरळच्या १९९४ च्या पंचायत राज कायद्यात निवडून आलेल्या सदस्याने मालमत्तेचे विवरणपत्र देण्याचे वेगळे कलमच आहे. विलायतेतल्या पॅरिश कौन्सिल म्हणजे त्यांची ग्रामपंचायतच. तिथे २०११ च्या कायद्याने सदस्याने २८ दिवसांत स्वतःची आणि जोडीदाराची जमीन, धंदा, नोकरी यांची नोंद करायची, ती नोंदवही कोणीही पाहू शकतो, आणि आपल्या हिताचा विषय निघाला की चर्चेतून बाजूला व्हायचे. मुद्दाम टाळले तर फौजदारी गुन्हा.

सदस्यांवर एवढे बोलल्यावर आम्हा कर्मचाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर नाना पुन्हा उभे राहतील. ग्रामसेवकांना (२०२४ पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) जिल्हा परिषदेचे १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, आम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. आम्ही दरवर्षी मत्ता व दायित्वाचे विवरणपत्र भरतो. जमीन, घर घेतले-विकले तर कळवावे लागते. घरातल्या कोणाचा धंदा असेल तोही कळवावा लागतो. म्हणजे बायकोच्या नावाने कृषी सेवा केंद्र चालवायचे आणि शेतकऱ्याला चिठ्ठीवर तिथल्याच औषधाचे नाव लिहून द्यायचे, हे नुसते वाईट दिसते असे नाही, नियमाचाही भंग आहे. पण आमची विवरणपत्रे पाकिटात जातात आणि पाकीट कपाटात जाते. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याबाबत अशी माहिती मागितली गेली तेव्हा २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती खासगी माहिती ठरवली. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय मिळणार नाही म्हणून सांगितले. म्हणजे सरपंचाचे पाच वर्षांतून एकदा, पण उघड. आमचे दरवर्षी, पण बंद. दोन्ही अर्धवट आहेत, असे माझे मत.

प्रोसिडिंगमध्ये एक ओळ

तरीही गावाला जे करता येते त्यासाठी मुंबईहून नवा कायदा येण्याची वाट पाहावी लागत नाही. मासिक सभेत विषयपत्रिका वाचून झाली की सरपंचांनी विचारावे, यातल्या कोणत्या विषयात कोणाचे काही आहे का? ज्याचे असेल त्याने सांगावे आणि प्रोसिडिंगमध्ये साध्या मराठीत लिहून घ्यावे: ‘‘विषय क्रमांक अमुक यातील रस्ता माझ्या गटाला लागून जात असल्याने मी या विषयावरील चर्चेत व मतदानात भाग घेतलेला नाही.’’ खाली सही आणि तारीख. एवढ्याने रस्ता अडत नाही. उलट उद्या कोणी तक्रार केली तर हा कागद कामाला येतो. मात्र ही ओळ लिहिली म्हणून स्वतःच ठेका घेतलेला चालतो, असे कोणी समजू नये. तिथे कलम १४ (ग) तसेच उभे आहे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे लिहून घ्यायला कचरू नये. पुष्कळदा तेच म्हणतात, ‘‘राहू द्या ना भाऊ, कशाला लिहायचं, उगाच डोक्याला ताप.’’ ताप पुढे होतो, तो त्यांनाच होतो, कारण चेकवर दुसरी सही त्यांची असते.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचे हिशेबपत्रक, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप ठेवणे कलम ८ ने बंधनकारक आहे. ते वाचून दाखवा म्हणा. नमुना ५ ची रोकड वही पाहायची असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. पण सभेला हजर न राहता फक्त अर्ज करणाऱ्यांची एक जात अलीकडे निघाली आहे, तीही मला पसंत नाही. माहिती मागून घ्यायची आणि ठेकेदाराकडून चहापाणी घेऊन अर्ज मागे घ्यायचा, हाही हितसंबंधच.

गेल्या पावसाळ्याआधी धरणाच्या बाजूच्या एका गावात पाणंद रस्त्याचा विषय होता. रस्ता अगदी एका महिला सदस्येच्या द्राक्षबागेला चिकटून जाणार होता. चर्चा सुरू होण्याआधी त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझा गट लागून आहे, मी बाहेर बसते. तुम्ही ठरवा.’’ काही जण हसले. एकजण म्हणाला, ‘‘वहिनी, बसा हो, आपलाच रस्ता आहे.’’ त्यांनी ऐकले नाही. प्रोसिडिंगचे पुस्तक मागून घेतले, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि ओट्यावर जाऊन बसल्या. आत रस्त्याच्या रुंदीवरून भांडण पेटले. बारा फूट की पंधरा फूट, यावर पाऊण तास गेला. शेवटी बारा फूट ठरले, म्हणजे त्यांच्या बागेची एक ओळ वाचली. ओट्यावर त्यांना निरोप गेला तेव्हा त्या शेजारणीबरोबर शेंगा फोडत बसल्या होत्या. ‘‘बरं,’’ म्हणाल्या, आणि पदर झटकून आत आल्या. पुढचा विषय दिवाबत्तीच्या थकीत बिलाचा होता.